मे महिन्याचं येणं

ल्युदा गेली अठ्ठावीस तारखेला,
पहाटेच्या टॅक्सीने, मोपाला.
किल्ली ठेवली मीटरच्या डब्यावर
आणि भाड्याच्या जागी
पोट सुटलेलं एक काळं यंत्र,
अर्धी बरणी
आणि एक कागद.

यंत्राला एअर फ्रायर म्हणतात, हे धाकटीने सांगितलं.
बरणीवरची अक्षरं तिलाही लागेनात.
मी झाकण काढून नाक घातलं:
दाणे! भाजलेले दाणे,
वाटून वाटून लोणी झालेले.
माझ्या हातचं दाण्याचं कूट अख्ख्या मोरजीला ठाऊक,
पण लोणी?
शेंगदाण्याची धार काढायला
बसलं तरी कोण, कुठल्या गोठ्यात?

कागदावर अक्षर नाही, सगळी चित्रं.
तीन हंगाम आम्ही दोघी तशाच बोललो,
हातांनी, भुवयांनी, भाडं वाढवताना दहा बोटांनी.
एक वाटी. आणखी एक वाटी.
एक अंडं, त्याला उगाच डोळे आणि हसू.
बारा गोळे. घड्याळ, सातावर काटा.
आणि तळाला, दोनदा रेघ ओढून,
एक जाळं.

जाळं कशाला?
दीर म्हणाले, मासळी घालायची असेल आत.
दिरांना जाळ्यात दुसरं काही दिसतच नाही.

त्या दिवशी सोमवार, म्हणून अंडं मंगळवारावर गेलं.
साखरेच्या वाटीत मी माडाचा गूळ किसला,
तिने विचारलं असतं तर सांगितलं असतं,
साखर संपली होती.
मळताना तळव्यांना तेल सुटलं,
लग्नातल्या हळदीनंतर सुटतं तसं.

बटण दाबलं आणि आत वादळ.
खालचा कागद उडून वरच्या लाल तारेला चिकटला,
धूर झाला, धाकटी किंचाळली, मी प्लग उपटला.
एक गोळा कोळसा झाला.
बाकीचे मग मी कागदाच्या कडेकडेने बसवले,
होडी कलू नये म्हणून
जाड माणसं बसवतात तसे.

सात मिनिटांनी उघडलं:
गोळे तसेच, टुमटुमीत,
बाहेरून ऊन, आतून कच्चे,
निवडणुकीआधीच्या आश्वासनांसारखे.

परातीला चिकटलेलं पीठ खरवडायला
तिच्याच फळीवर राहिलेला काटा हाताला लागला.
खरवडलं, तर चार रेघा.
आडवं खरवडलं
आणि परातीत जाळं पडलं.

अगं बाई.
मी तशीच उभी, हातात काटा,
आणि एकटीच हसत.

मग अकराही गोळे काट्याने दाबले, उभे, आडवे,
आणखी पाच मिनिटं.
घरात असा वास, की पायलट चालवून थकलेले आमचे हे
हेल्मेट न काढताच आत आले,
एक उचललं, हातात भुगा झाला.
'मोडलं गो!'
'थांबा जरा. निवू दे. गरम असताना कुणीही मोडतंच.'

तर ती निवेपर्यंत मी व्हरांड्यात बसले,
ल्युदा गिऱ्हाइकांचे केस कापायची त्या पायरीवर.
खाली किनाऱ्यावर शॅक उतरवत होते,
बांबूवर बांबू पडत होता.
केरसुणीत अजून सापडतात
कुणाकुणाचे सोनेरी केस;
परवा एक तुळशीला गुंडाळलेला होता.
मी काढला नाही. का, ते विचारू नका.

निवली. कडक झाली.
दातांखाली आधी खुसखुस, मग दाणा,
मग माझा गूळ, जरासा धुरकट.
तिच्यापेक्षा बरी झाली असावीत.
तिची मी कधी खाल्ली नव्हती,
दर वेळी बशी पुढे करायची,
दर वेळी माझा सोमवार असायचा.

रात्री वही काढली.
ल्युदा, खोली नंबर दोन.
मे: आठ हजार येणे.
खाली लिहिलं,
वजा: बिस्किटं, बारा.

मग बाराचं खोडून अकरा केलं.
जळलेलं तिच्या हिशेबात कशाला?