पेटीची खुर्ची

सुजाता चार महिन्यांची होती
तेव्हाच मी खुर्ची करून ठेवली.
पॅकिंग शेडमधून आणलेल्या संत्र्याच्या पेटीच्या फळ्या,
खिळे उपटले, टोकं घासली,
तरी पाठीच्या फळीवर ‘वरुड’मधला
‘रु’ राहिलाच, आडवा.
मोबाइलवर पाहिली होती तशी, उंच,
समोर ताटलीपुरती फळी,
लेकरू मोठ्यांच्या बरोबरीनं बसतं, तशी.

आपल्या घरी मोठी माणसं खालीच बसून जेवतात
हे प्रणालीनं मागाहून सांगितलं.
मग पाय कापले. वीतभर ठेवले.

बसवून पाहिली.
ती अर्ध्या भरल्या पोत्यासारखी
आधी डावीकडे कलली, मग उजवीकडे,
मग समोरच्या फळीवर हनुवटी टेकवून
माझ्याकडे पाहत राहिली.
मी फोटो काढला. प्रणालीनं तिला उचललं.

वनमालाताई वजनकाटा घेऊन आल्या.
त्यांनी खुर्ची पाहिली, पोरगी पाहिली.
‘मान धरली, भाऊ. कंबर कुठं धरली अजून?
खुर्ची हाय म्हणून पोट्टी बसत नसते.
सहा महिने होऊ द्या पुरे. तवर दूधच.
अन् मंग बी मीठ नाही, साखर नाही, वर्षभर.’
माय म्हणाली, ‘यायले तं चवथ्यातच आंबील चाटवली होती म्या,
मेला का हा?’
वनमालाताई काट्यावरचा आकडा लिहीत होत्या.
‘नाही मेला,’ त्या म्हणाल्या, ‘पण तेवढ्यावर ठरवाचं का, मावशी?’

मायेनं दुसऱ्या दिवशी चाटवलंच,
बोटाच्या टोकाएवढं वरण, चुलीमागं, चोरून.
मी दारातून पाहिलं.
जीभ आली बाहेर
आणि उंबऱ्यावरचा कचरा लोटावा तसं
सगळं हनुवटीवर लोटून आत गेली.
‘नाही म्हणते थे,’ माय म्हणाली,
मला नाही, तिलाही नाही.
पदरानं पुसलं. पुन्हा कोणी विचारलं नाही.

खुर्ची टिनाखाली गेली.
आधी तिच्यात कांदे होते, मग सुतळी,
मग कोणी काही ठेवेनासं झालं.

माघात तूर झोडपली.
दोन पोत्यांच्या मधे तिला टेकवलेलं.
एक पोतं मी गाडीत टाकलं, मग दुसरं,
आणि हात झटकताना लक्षात आलं
की मधलं पडलं नाही.
ताठ बसलेली, दोन्ही मुठींत तुरीचा भुसा,
कोणाच्याच आधाराशिवाय,
जशी काही पहिल्यापासून.

त्या रात्री माझ्या ताटावर तिची नजर.
घास उचलला की डोळे वर,
तोंडात गेला की तिचं तोंड उघडं.
मी चावलं, तीही चावली,
रिकामंच.
प्रणाली म्हणाली, ‘आता.’

मी कंदील घेऊन टिनाखाली गेलो.
खुर्चीत कोंबडी बसलेली.
हात घातला तर टोचली.
अकरा अंडी.
‘उठवू नको तिले,’ माय म्हणाली.

म्हणून पहिला घास मायेच्या मांडीवर झाला,
नव्या तुरीचं वरण, पाघळलेला भात,
चमच्यानं नाही, बोटानंच.
जीभ आली बाहेर.
थांबली.
वरण तिच्यावर तसंच,
आणि मग आत.
मायेनं माझ्याकडे पाहिलं नाही,
पण बोट पुढे करायच्या आधी
या वेळी ती लेकराचं तोंड उघडायची वाट पाहत होती.

एकवीस दिवसांनी खुर्ची मोकळी झाली.
कढत पाण्यानं धुतली, दोन उन्हं दाखवली,
प्रणालीच्या जुन्या साडीची पट्टी कमरेला.
आता ती बसते ‘रु’ला पाठ लावून,
घास खाते कमी, सांडते जास्त,
आणि खाली कोंबडी नऊ पिलांसकट उभी,
जागेचं भाडं वसूल करत.

नाव मायेनं ठेवलेलं.
बुद्धाला खीर देणारीचं.
काल तिनं मुठीत बराच वेळ दाबलेला भात
माझ्या तोंडाशी आणला,
दात नसलेलं तोंड उघडून, कसं उघडायचं ते दाखवत.

कोमट होता. मीठ नव्हतं.
एक तुरीचं टरफल होतं बहुतेक.
मी गिळला.
ती थांबली, पाहिलं,
आणि मूठ पुन्हा ताटलीत घातली.