दहापर्यंत

मंगळवारी आणि गुरुवारी नर्स दुसऱ्या शाळेत असते,
म्हणून किल्ली माझ्याकडे.
मी नर्स नाही. मी हजेरी नोंदवते, बसचे पास देते,
झेरॉक्स मशीनच्या पोटात अडकलेला कागद ओढून काढते,
आणि सकाळी आठ वीसला
कपाटातून पत्र्याचा डबा खाली घेते.
डब्यात एकोणीस पंप. प्रत्येकावर चिकटपट्टी,
पट्टीवर नर्स पेटवेच्या तिरक्या अक्षरात नाव.

बाल्टिमोरच्या या टोकाला
कोळशाच्या मालगाड्या धक्क्यावर रिकाम्या होतात.
खिडकीच्या कट्ट्यावर बोट फिरवलं
की बोटाला काजळ.
शुक्रवारी पुसलेलं सोमवारी पुन्हा.
मुलं त्यात आपापली नावं लिहितात.

केमारी, पहिलीतला, सगळ्यांच्या आधी येतो.
मागे त्याची बहीण झाकिया, तिसरीतली,
दोघांची दप्तरं तिच्याच खांद्यावर.
"खांदे खाली," ती त्याला सांगते.
"आधी सगळा सोड. आता ओढ. धर."
आणि आम्ही तिघं मोजतो.
आकडे तो वर्गात शिकलाच नाही;
इथे शिकला, फायलींच्या कपाटाला पाठ टेकून,
तोंडाला प्लास्टिकचं नळकांडं लावून.

दम धर, असं आपण कोणालाही म्हणतो.
बस येईल, दम धर. पगार होईल, दम धर.
या पोराला तो खरोखरच धरावा लागतो,
रोज, दहा आकडे.

ऑक्टोबरात डब्यात अठराच होते.
त्याचा पिवळा फॉर्म घरून आलाच नव्हता,
आईचे दोन्ही फोन नंबर बंद.
गुरुवार. जिन्यात, गुडघ्यांवर हात टेकून वाकलेला,
प्रत्येक श्वासाला बरगड्यांमधली कातडी आत जात होती,
आणि छातीतून येणारा आवाज
मला आधी दाराची बिजागरी वाटला.
फॉर्म नाही तर पंप नाही, हा नियम.
दुसऱ्याचा पंप तर नाहीच नाही.
मी नियमाकडे पाहिलं. मग त्याच्या ओठांकडे.
पुढे काय केलं ते इथे लिहीत नाही.
ॲम्ब्युलन्स अकरा मिनिटांनी आली.

संध्याकाळी फॉर्म कोटाच्या खिशात घालून त्यांच्या घरी गेले.
रेनिटा पार्सलच्या गोदामात रात्रपाळीला निघालेली,
एक बूट पायात, एक हातात.
न्हाणीघराच्या भिंतीवर काळी बुरशी.
घरमालकाने तिच्यावर तीनदा रंग मारला,
तीनदा ती पांढऱ्यातून बाहेर आली,
भाडं मागायला आल्यासारखी.
"तीन वेळा इस्पितळ झालं," रेनिटा म्हणाली,
"दर वेळी विचारतात, घरात सिगारेट कोण ओढतं.
कोणी नाही. कोणीही नाही."
सही तिने त्याच भिंतीवर कागद दाबून केली.
पेन उलटं, शाई उतरेना. झटकलं. पुन्हा केली.

त्यानंतर ऑर्लँडो फरशीला ब्लीच
तीननंतरच लावू लागला, पोरं गेल्यावर.
गोष्टींच्या तासाचा गालिचा बाहेर गेला.
पोरं त्या गालिच्यासाठी रडली, केमारी सगळ्यांत जास्त.

नाताळच्या सुट्टीत शाळा बंद, डबा बंद.
तक्त्यावर बारा चौकोन कोरे;
मी घरी बसून त्यांचाच विचार करत राहिले,
टीव्हीचा आवाज बारीक करून,
जणू इतक्या लांबून काही ऐकू येणार होतं.

जानेवारीत झाकियाने दप्तरातून
सीरियलच्या खोक्याचा पुठ्ठा काढला.
आतल्या करड्या बाजूवर पट्टीने आखलेले बारा चौकोन,
नऊ बरोबरच्या खुणा, तीन मोकळे.
"ते तीन दिवस आम्ही मावशीकडे होतो. पंप घरीच राहिला,"
ती म्हणाली, आणि ओरडा पडायची वाट बघत उभी राहिली.
मी टाचण्या शोधल्या.
पुठ्ठा तक्त्याशेजारी लावला, थोडा तिरका बसला.

केमारी तोवर कपाटाला टेकून तयार,
तोंडाचा चंबू करून.
एक, दोन, आम्ही मोजलं. नऊ. दहा.
सोड, मी म्हटलं.
त्याने मान हलवली. गाल फुगलेले, डोळे वटारलेले,
एक बोट वर.
मग सोडला.

"अकरा," तो म्हणाला. "दहा बाळांसाठी असतात."