टवेरा विकल्यावर

अकरा वर्षं मी हे शहर काचेतून दाखवलं.
आठला स्टेशन, साडेआठला मकबरा,
वीस मिनिटं, फोटो, चला,
दहाला किल्ला, बाराला लेणी, चारला पाणचक्की,
सगळे पॉइंट, एसीसहित, टोल वेगळा.
पाहुणे उतरले तरी इंजिन चालूच ठेवायचो,
परत येतील तेव्हा गाडी गार लागावी म्हणून.
पार्किंगातला एक कडुनिंब
त्या गरम फुंकरीत, माझ्यादेखत वाळला.
मी एकटाच नव्हतो तिथं.
पण होतो.

मग टवेरा विकली. तत्त्वासाठी नाही, खोटं काहून बोलू,
गिअरबॉक्स गेला होता
आणि हप्ते नुकतेच संपले होते.
पंधरा दिवस पायी हिंडलो
तेव्हा दिसलं, भडकल दरवाजाच्या वरच्या भोकांत
पोपटांची अख्खी आळी नांदते.
अकरा वर्षं मी तिच्या खालून गेलो.
हॉर्न वाजवत.

आताही चालवतोच. गाडी नाही, माणसं.
सहा जण, सातवा आला की गर्दी होते.
बाटली घरून आणायची, चपला जुन्या घालायच्या,
शहर बससाठी सुटे पैसे,
आणि लई घाई असेल त्यानं येऊ नये.

आम्ही नहरीच्या डोक्यावरून चालतो.
खाली खापराचे नळ, काळोखात,
कुठं ओले, कुठं मातीनं गच्च.
मधेच उभा राहतो एखादा बंबा,
चिंचेच्या झाडाएवढा, विटांचा, बिनकामाचा वाटणारा.
हे काय, विचारतात.
मी सांगतो, चढ आला की पाण्यालाही धाप लागते,
त्याला दम घ्यायला बांधलेली जागा.
मग तेही टेकतात तिथंच, भिंतीला पाठ लावून,
आणि कुणीच फोटो काढत नाही थोडा वेळ.

त्या रविवारी पाच होते.
चाकूरच्या दोन शिक्षिका, एक बंगाली जोडपं,
आणि ठाण्याचे मोघे, पांढरे बूट.
बेगमपुऱ्यात पोचेस्तोवर मोघ्यांचे बूट भुरे झाले.
जुबेदा आपानं बंब्यावर मिरच्या वाळत घातलेल्या.
आमच्याकडे नळ आठव्या दिवशी येतो, ती म्हणाली,
आणि माठातून प्रत्येकाला पेला भरून दिला,
काठोकाठ.
मोघ्यांनी अर्धा पिऊन उरलेला गटारीत ओतला.
सवयीनं. वाईट माणूस नव्हता.
आपानं बघितलं, पेला विसळला नाही,
तसाच पालथा घातला.

मोघ्यांनी फोनवर गाडी बोलावली.
दहा मिनिटांत गल्लीच्या तोंडाशी आली
आणि मी दाराचा पोचा ओळखला.
माझी टवेरा! रंग नवा, पोचा जुनाच.
चालवणारं पोरगं कानात वायर घालून बसलेलं,
इंजिन धडधडत, आत गारवा, बाहेर धूर
सरळ मिरच्यांवर.
मी काही बोललो नाही.
खिडकीतून हात आत गेला, अकरा वर्षांचा हात,
आणि त्यानं किल्ली फिरवली.

केवढं शांत झालं.
पोरगं बघायलं, मोघे बघायलेत.
दूर कुठंतरी हातमागाचा धोटा. एक कोंबडी.
आणि मग जमिनीतून की भिंतीतून कळेना,
खरखर, फस्स,
रिकाम्या पाइपातून हवा पळाल्याचा आवाज.

नळ आला!

आपा ओरडली आणि गल्ली उलटी झाली.
हंडे, कळशा, रंगाचे डबे, बाळाचं न्हाणं,
चाकूरच्या बाईंनी पदर खोचला,
बंगाली जोडप्याच्या हातात एक एक बादली,
पोरगं वायर काढून दुसऱ्या मजल्यावर ड्रम भरायला पळालं,
आणि मोघे पाइपाचं तोंड धरून उभे,
अंगठ्यानं दाबून, एक थेंब बाहेर जाऊ नये म्हणून,
पांढऱ्या बुटांवर चिखल.

चाळीस मिनिटं आलं पाणी.
मकबरा राहिला. पाणचक्की राहिली.
फी मी अर्धीच घेतली.
मोघ्यांनी जाताना विचारलं,
पुढचा नळ कधी येईल?