झिम्नो

बावीस हिवाळे मी ही नदी फक्त पुलावरून पाहिली.
माच्कोवा रूदाला लुदोमिरला सोडायचं,
गाडी वळवायची, वीसोकी मोस्तच्या पुलाशी आणून लावायची.
मागच्या सीटवर घोंगडीत गुंडाळलेलं बिटाच्या सूपचं पातेलं,
आणि मी.
वळणाआडून आधी वाफ यायची, मग वल्ह्याचा आवाज,
मग मिशांना बर्फ लागलेला माझा नवरा.
कशी होती? मी विचारायचे.
झिम्नो, तो म्हणायचा. थंड.
बास.
बावीस वर्षं एका शब्दावर बोळवण.
एकदा चिडून मी पातेलं तसंच घरी परत नेलं होतं.

यंदा त्याचा खांदा गेला.
शाळेत गणित शिकवायची ती तेओफिला, अडुसष्ट वर्षांची,
दारात उभी राहून म्हणाली,
पुढची जागा रिकामी आहे
आणि तुझे हात काही मोडलेले नाहीत.

उणे चौदा.
काठ गोठलेले, मधलं पाणी चालू.
चार्ना हान्चा. चार्ना म्हणजे काळी,
आणि पुलावरून ती काळीच दिसते.
आत बसल्यावर कळलं, तळाशी पिवळी वाळू आहे
आणि लांब हिरवं शेवाळ,
सगळं एकाच दिशेला विंचरलेलं.

पहिल्या पंधरा मिनिटांत बोटं गेली.
म्हणजे होती, पण माझी नव्हती.
मग परत आली, एकेक करून, सुया घेऊन.
वल्ह्यावरचा थेंब ओघळता ओघळता दांड्यावरच थिजायचा,
त्याच्यावर दुसरा,
तासाभरात माझ्या हातात मुसळ.
आपट, मागून तेओफिला.
मी होडीच्या कडेवर आपटलं,
ताटल्यांची मांडणी कोसळावी तसा आवाज झाला
आणि एक खंड्या उडाला.
एवढ्या पांढऱ्यात एवढा निळा
की मी वल्हवायचं विसरले
आणि आम्ही थेट आडव्या पडलेल्या आल्डरच्या खोडाखाली.
मान खाली!
मान खाली. फांदीवरचा सगळा बर्फ माझ्या कॉलरमध्ये.
बाईंना हसताना मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

पुढे एक लांब पट्टा लागतो, तिथे रस्ता नाही, घर नाही,
बीव्हरने सोललेली खोडं तेवढी, पेन्सिलीसारखी.
तिथे तिने वल्हं मांडीवर ठेवलं. मीही ठेवलं.
होडीला घासत बर्फाच्या चकत्या चालल्या होत्या,
शेजारच्या खोलीत कोणी धान्य पाखडावं तसा आवाज.
बाकी काही नाही.
काहीच नाही, इतकं की माझ्याच पापण्यांची उघडझाप मला ऐकू यायला लागली.
लुदोमिर दर वर्षी इथे थांबतो, ती म्हणाली.
किती वेळ?
कधी मोजला नाही,
गणिताच्या बाई म्हणाल्या.

मला तेव्हा काहीतरी वाटलं.
सांगता येणार नाही असं काही नव्हतं ते,
पण तोंड उघडलं की ओठ फाटत होते.

मग पूल. खालून.
इतकी वर्षं ज्याच्यावर उभी होते
त्याच्या पोटाला बर्फाची झुंबरं लटकत असतील
हे मला कुठून ठाऊक असणार?
आणि पलीकडे काठावर तो,
एक हात गळ्यात बांधलेला, पाय आपटत,
माझी लोकरीची टोपी घालून.

कशी होती?

मी त्याला खंड्या सांगणार होते,
शेवाळ, कॉलरमधला बर्फ, तेओफिलाचं हसणं,
तो थांबतो ती जागा.
जबडा गोठलेला.
झिम्नो, म्हणाले.

तो काही बोलला नाही.
माझ्या कमरेभोवतीचं ताडपत्रीचं झाकण होडीला असं गोठून बसलं होतं
की मला उठताच येईना.
त्याने दातांनी थर्मासचं बूच काढलं
आणि कडेकडेने चहा ओतत गेला,
सांभाळून, रोपाला घालावं तसा.
पुलापाशी उभं राहणं, तो म्हणाला,
नदीपेक्षा गार असतं.

मला माहीत होतं.

सूप घरूनच करपून आलं होतं.
दोन वाट्या प्यायले.