जाळीवरची लव

सेंट जॉन्सला धुकं आठवडाभर मुक्काम ठोकतं,
दोरीवरचं काही वाळत नाही.
फिलोमिना ड्रायर लावते
आणि तो थांबेपर्यंत पाठ टेकत नाही.

लिअँडर हसायचा, "मशीन आहे गं, तान्हं मूल नाही."
त्याची डिझेलने माखलेली डांगरी
तिने कधी आत जाऊ दिली नाही,
दोनदा धुतली तरी.
त्यावरून एकदा तीन दिवस अबोला.
पण बर्फ पडला की मागे तोच जायचा,
भिंतीतून वाफ बाहेर पडते ते तोंड
हातांनी उकरून मोकळं करायचा, शिव्या देत.

आता फावडं तिच्याकडे.

आज ड्रायर थांबला. तिने जाळी ओढली.
राखाडी लव, फार नाही,
एका ठिणगीला पुरेल एवढी.
आणि तिच्यात निळं काहीतरी:
त्याचा स्वेटर,
चर्चच्या पेटीत टाकायला धुतलेला.

किटलीची शिटी वाजेपर्यंत ती तशीच उभी.
मग निळं तेवढं चिमटीने वेगळं केलं,
बाकीचं कचऱ्यात.
जाळी दिव्यासमोर धरली,
पलीकडचं दिसलं.
प्लग काढला,
जिन्यातला दिवा मालवून वर गेली.