बर्फाची बादली

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी
मी बादली घेऊन वॉर्डात शिरते.
परळच्या या इमारतीत लिफ्ट चौथ्या मजल्यावर अडते,
तोवर थोडा बर्फ विरघळून जातो.

"हात बुडवा. सोसेना की काढा."
मी सेकंद मोजते.
मग सतरा प्रश्न. झोप लागते का, धास्ती वाटते का,
आधी कुठे दुखलंय, किती, शून्य ते दहा.
सगळं तक्त्यात भरलं की तक्ता एक आकडा देतो:
उद्या या माणसाला किती दुखेल.
सर म्हणतात, आधी कळलं तर औषध आधी देता येतं.
खरंच आहे. दुखण्याच्या एक पाऊल पुढे
असावं कुणीतरी.

लोपीस मास्तरांनी अकराव्या सेकंदाला हात काढला,
लेंग्याला पुसला, वर माझीच माफी मागितली.
तक्ता म्हणाला, पुष्कळ.
हर्नियाचे टाके सांभाळत दुसऱ्या दिवशी ते
शेजारच्या पोराची गणितं तपासत होते.

सोमलीबाई राठोड, खाट एकोणीस, गर्भपिशवी.
एक मिनिट झालं. दोन झाली.
आत बोटं हलत होती, काही निवडत असल्यासारखी.
तीन मिनिटांना थांबवायचं, असा नियम.
"काढा आता."
"एवढ्यात?"
मी लिहिलं, कमी.
पेन्सिलीनं, पण ठळक.

ऑपरेशनच्या रात्री अडीचला तांडेल सिस्टरांचा फोन.
खाटेचा गज तिच्या मुठीत,
ओठ आत ओढलेले, आवाज नाही.
किती? शून्य ते दहा?
"साळा नाय शिकले बाई. तुमीच लिवा."

इंजेक्शन उतरायला वीस मिनिटं लागली.
मी स्टुलावर बसून राहिले.
मग ती बोलली, डोळे मिटूनच.
ससून डॉकला कोळंबी सोलते. सव्वीस वर्सं.
पहाटे चारपासून हात बर्फातच.
तुमची बादली बगून वाटलं, कामावर आले.

"मग तेव्हा दुखायचं नाही?"
"दुकायचं की.
पन त्याचे किलोमागं पैशे मिळायचे."

चुकीच्या अंदाजापुढे कारण लिहायला
तक्त्यात एक रकाना आहे,
दोन बोटांएवढा.
सकाळी मी पेन्सिलीला टोक काढलं, पुन्हा काढलं.

राउंडला गेले तर ती उठून बसली होती, चहा फुंकत.
"बर्फ कुठनं आनता वो?
म्हाग पडत आसंल.
डॉकावर माजं नाव सांगा."