एवढं नको ऐकू माझं

मे महिना. अमरावती रोडवरच्या विभागात
कूलरची खस वाळलेली, पंखा तापली हवाच ढवळतोय.
स्क्रीनवर माझा रेणू मात्र सत्तावीस अंशांवर,
पाण्याच्या अकरा हजार रेणूंत निवांत डुंबतो,
उलगडतो, मिटतो,
कधी कुत्र्यासारखा शेपटीत तोंड खुपसून बसतो.
दोन मायक्रोसेकंदांना सत्तावन्न दिवस लागले.
त्यात तीनदा लाइट गेली.

तळमजल्यावर खोब्रागडे मॅडम.
घड्याळ टेबलावर काढून चुंबकापाशी जातात,
दर सोमवारी त्याला नायट्रोजन पाजतात.
त्यांच्या नळीतही हाच रेणू, अगणित,
आणि यंत्र सगळ्यांचा मिळून एकच आकडा सांगतं:
दोन हायड्रोजनांमधलं अंतर.
त्यातही जवळचे मोठ्यानं बोलतात,
लांबचे ऐकूच येत नाहीत.

माझं सात. त्यांचं पाच.
"तुझा कॉम्प्युटर खोटं बोलून राह्यला," मॅडम म्हणाल्या.
मी म्हटलं, नळीत मीठ जास्त पडलं असेल.
आठवडाभर आमचा चहा वेगवेगळा.

मग वजनं वाटायला बसलो.
चाळीस हजार आकारांची पंगत.
उठवायचं कुणालाच नाही,
याच्या पानात चिमूटभर कमी, त्याच्या चिमूटभर जास्त,
सरासरी मॅडमच्या आकड्याशी येईल इतकंच.

एक खुंटी असते यात: प्रयोगावर किती विश्वास.
पहिल्या दिवशी मी ती शेवटपर्यंत पिळली.
आकडा तंतोतंत जुळला,
आणि जेवायला उरले फक्त एकोणीस.
मॅडमनी आलेख पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला.
"एवढं नको ऐकू माझं.
माझ्या पाचातही अर्धा इकडेतिकडे आहे."

खुंटी सैल केली. सहा हजार परत जेवायला बसले.
सगळ्यांत जड झालेला आकार
मी कधी थांबून पाहिलाच नव्हता,
एकतिसाव्या दिवशी, दुसऱ्यांदा लाइट जायच्या जरा आधी
आला होता, आणि गेला होता.

तेव्हा मॅडमनी ड्रॉवरमधून लिफाफा काढला.
आत एक मोजमाप, मुद्दाम माझ्यापासून लपवलेलं.
जुळलं नाही.
पण पूर्वीपेक्षा जवळ होतं.
त्या काहीच बोलल्या नाहीत, घड्याळ मनगटावर चढवलं.

बाहेर चौकातला बोर्ड अठ्ठेचाळीस दाखवत होता,
मोबाइल पंचेचाळीस.
मॅडमनी दुपट्टा तोंडाभोवती गुंडाळला.
"चल," म्हणाल्या आतून,
"कुणाला किती वजन द्यायचं ते रसवंतीत ठरवू."